हायड्रोजनचे पाणी, हायड्रोजनचा वायू आणि आपली शेती: नाशिकच्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हायड्रोजनच्या पाण्याने कांदा टिकतो का, द्राक्षाला फुगवण मिळते का, यंत्र घ्यावे का, असे प्रश्न निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा या पट्ट्यातून येतात. इथली काही उत्तरे लांब आहेत. यंत्राचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात आणि चुकीच्या जागी सोडलेल्या वायूने माणूस दगावू शकतो, म्हणून घाईत उत्तर देणे मला पटत नाही.

हायड्रोजन उपचार म्हणजे नेमके काय करतात?

हायड्रोजन वायू उभ्या पिकापर्यंत किंवा काढलेल्या मालापर्यंत पोहोचवतात. वायू पाण्यात विरघळवून ते पाणी देता येते. तोच वायू अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या, म्हणजे नॅनोबबलच्या रूपात पाण्यात धरून ठेवता येतो. बंद खोक्यात थोडा वायू सोडून मालाला धुरी देता येते. मॅग्नेशियम हायड्राइडसारखी पूड पाण्यात टाकून तिच्यातून हळूहळू वायू सुटू देण्याचीही पद्धत आहे. हायड्रोजन वायू हे खत नाही. झाडाच्या वाढीला लागणारा हायड्रोजन त्याला पाण्यातूनच मिळतो आणि त्याची कमतरता कधी पडत नाही.

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) वेलीच्या डोळ्यांना रसायनाचे पेस्टिंग करतो, तेही हायड्रोजनच ना?

नाही. ते हायड्रोजन सायनामाइड आहे आणि ही गल्लत जीवावर बेतू शकते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचे ते विषारी रसायन आहे. त्याने माणसाची कातडी पोळते, नजरेला इजा होते. ते अंगात गेलेले असताना दारू घेतली तर शरीराची दारू पचवण्याची क्रिया मध्येच अडते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, धाप लागते, रक्तदाब कोसळू शकतो. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून नंतरचे काही दिवस दारूला हात लावायचा नाही, हे मजुरांना तोंडावर स्पष्ट सांगा आणि चांगले हातमोजे द्या.

ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइडही वेगळे. ते जंतू जाळणारे ऑक्सिडीकारक आहे. हायड्रोजन वायूचे काम त्याच्या विरुद्ध दिशेचे आहे.

मग हा वायू पिकात करतो तरी काय?

ऊन, क्षार, पाण्याचा ताण, काढणीच्या वेळची इजा, या सगळ्यांमुळे वनस्पतीच्या पेशीत ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात. ती पेशीची आवरणे खातात. फळ मऊ पडते, पान पिवळे होते. पेशीकडे यावर स्वतःची विकरे (एन्झाइम) असतात. हायड्रोजन दिल्यावर या विकरांचे काम वाढते, असे अनेक पिकांत दिसले आहे. काही फळांत आणि फुलांत इथिलीन, म्हणजे पिकवणारा वायू, कमी तयार होतो. हायड्रोजनचा रेणू सगळ्यात लहान असल्याने तो पेशीत सहज शिरतो. थोडक्यात, तो अन्न म्हणून जात नाही, इशारा म्हणून जातो. म्हणूनच ज्या झाडाला ताण नाही, त्याच्यावर फरक दिसेलच असे धरून चालू नये.

हे नवीन फॅड आहे की यामागे खरे संशोधन आहे?

संशोधन खरे आहे. हिवाळी राय या धान्याचे बी हायड्रोजनमध्ये लवकर उगवते, अशी नोंद १९६४ सालची आहे. विषय पुढे बराच काळ मागे पडला. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगातून हायड्रोजनचा पेशींचे रक्षण करणारा गुण दाखवला आणि वैद्यकशास्त्राबरोबर शेतीशास्त्रज्ञांचेही लक्ष वळले. शेतीत सर्वाधिक काम चीनमध्ये झाले. नानजिंग कृषी विद्यापीठाचे नाव त्यात वारंवार येते. चीनमध्येच २०१४ साली किवी फळे हायड्रोजनच्या पाण्यात बुडवून ठेवली तेव्हा ती जास्त दिवस घट्ट राहिली आणि कुजण्याचे प्रमाण घटले. नंतर किवीला वायूची धुरी दिल्यावर इथिलीनची निर्मिती कमी झाली. लिची, भेंडी, टोमॅटो, गुलाब, लिली, कार्नेशन यांवरही काम झाले आहे. भात आणि स्ट्रॉबेरीला तर शेतातच हायड्रोजन नॅनोबबलचे पाणी देऊन पाहिले गेले.

पण हे प्रयोग बहुतांशी प्रयोगशाळेत, थोड्या मालावर, ठरलेल्या तापमानाला झालेले आहेत. किवीवरचा निकाल दाखवून चाळीतल्या, म्हणजे हवेशीर साठवणशेडमधल्या, कांद्यासाठी यंत्र विकणे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते कांद्याच्या प्रश्नात सविस्तर येईल.

पाण्यात हायड्रोजन मावतो किती?

फार थोडा. साध्या तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात सुमारे १.६ मिलिग्रॅम, म्हणजे १.६ पीपीएम. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून आपल्याकडे उघड्या टाकीत ही मर्यादा दीड पीपीएमच्या आसपास येते आणि मे महिन्यातल्या कोमट पाण्यात आणखी खाली जाते. साध्या पाण्यात पाच-दहा पीपीएम विरघळलेला हायड्रोजन आहे असे कोणी सांगितले, तर तो बंद भांड्यातल्या दाबाखालचा आकडा आहे की नॅनोबबलसह धरलेला, हे विचारा. झाकण उघडल्यावर काय उरते, त्याला महत्त्व.

हिशोब करून पाहू. हजार लिटर पाण्यात सगळा मिळून दीड ग्रॅम हायड्रोजन. द्राक्षबागेत एकरी चारशे लिटर फवारणी धरली, तर एकरभर पसरलेला हायड्रोजन अर्धा-पाऊण ग्रॅम. इशारा म्हणून एवढा पुरेलही, पण तो झाडापर्यंत पोहोचला तर.

आणि तो टिकतो किती वेळ?

झाकण उघडलेल्या सोड्यासारखी गत होते. उघड्या भांड्यात दोनेक तासांत निम्मा हायड्रोजन हवेत निघून जातो. पाणी ढवळले, पंपाने उचलले, वरून टाकीत पाडले, की त्याहूनही लवकर. नॅनोबबलमुळे हा वेळ वाढतो, हे खरे आहे. म्हणून शेतातल्या प्रयोगांत तीच पद्धत जास्त वापरली गेली. तरीही सकाळी यंत्र चालवून शेततळ्यात सोडलेले पाणी संध्याकाळी ठिबकला लावले, तर पिकाला साधेच पाणी मिळाले समजा.

ब्लोअरने फवारले तर चालेल का?

पैसे वाया जातील. ब्लोअर पाण्याचे बारीक कण करतो, कणांचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि पाणी पानावर पोहोचण्याआधीच वायू हवेत सुटतो. द्यायचेच तर बंद पाइपातून थेट मुळाशी द्या, किंवा फळे-फुले पाण्यात बुडवा.

जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढनियामक) किंवा बुरशीनाशक याच पाण्यात कालवावे का?

आधी पाण्याचा सामू (पीएच) मोजा. विजेवर चालणारी बरीच यंत्रे हायड्रोजनबरोबर पाणी अल्कधर्मीही करतात. सामू आठ-नऊच्या वर जातो. जीए अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. जीएच्या डिपिंगसाठी आपण पाण्याचा सामू मुद्दाम खाली आणतो, त्या मेहनतीवर असे पाणी वापरून पाणी फिरते. कॅप्टनसारखे बुरशीनाशकही अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडते. अल्कधर्मी पाणी आणि हायड्रोजनयुक्त पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामू न बदलता हायड्रोजन विरघळवणारी यंत्रे असतात. विक्रेत्याला हा फरक सांगता येत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

चाळीतला कांदा हायड्रोजनने टिकेल का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि भावाची वाट पाहत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चाळीत राहतो. त्या मुदतीत घरातला माणूस चाळीकडे कसा बघत असतो, हे लासलगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात कोणाला सांगायला नको.

चाळीत कांदा तीन कारणांनी जातो. पाणी उडून वजन घटते. सड लागते, त्यात मानकूज, बुडकूज, जिवाणूंची ओली सड आणि काळी बुरशी म्हणजे काजळी आली. आणि पावसाळा सरता सरता कोंब फुटतात. या प्रत्येक कारणाशी हायड्रोजनचा संबंध तपासू.

वजनातली घट ही हवेतला ओलावा, तापमान आणि कांद्याच्या पत्तीची गोष्ट आहे. हायड्रोजन त्यात काही करत नाही. सडीचे मूळ बहुधा शेतातच असते: पाणी तोडायला उशीर, नत्राचा उशिरा दिलेला हप्ता, ओली मान, काढताना लागलेला मार. त्यावर हायड्रोजनचे पाणी द्यायचे, तर वाळवलेला कांदा पुन्हा ओला करावा लागेल, म्हणजे सडीला आमंत्रण. काढलेला, सुकवलेला कांदा कुठल्याही पाण्यात बुडवू नका, मग पाणी विकणारा काहीही सांगो.

राहिले कोंब. किवी किंवा टोमॅटोत इथिलीन कमी झाले की फळ टिकते. कांद्याचे तसे नाही. ब्रिटनमध्ये साठवलेल्या कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोठारात मुद्दाम इथिलीन सोडतात. तेव्हा ‘हायड्रोजन इथिलीन कमी करतो, म्हणून कांदा टिकतो’ हे वाक्य कानाला शास्त्रीय वाटले तरी कांद्याला लागू पडत नाही.

कोंबांवर आपल्या दाराशी असलेला सिद्ध उपाय विकिरणाचा आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा दिली की कोंबाची वाढ थांबते. मात्र ती काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच द्यावी लागते. आणि विकिरणाने सड किंवा वजनातली घट थांबत नाही.

बाकीचे काम जुन्याच शिस्तीचे आहे. निम्म्या माना पडल्या की काढणी. पातीसकट तीन ते पाच दिवस शेतात सुकवणे, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असे. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापणे. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत. जोड कांदा, डेंगळे, जाड मानेचा आणि मार लागलेला माल चाळीत जाऊच द्यायचा नाही. चाळीखालून हवा खेळती हवी. तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिली, तर एन-२-४-१ किंवा भीमा शक्तीसारखा टिकाऊ वाण चार-पाच महिने चांगला राहतो. हे सगळे जमून आले असेल आणि तरीही काही नवे करून पाहायची उमेद असेल, तर थोडे पैसे चाळीतले तापमान आणि आर्द्रता मोजण्याच्या साधनावर घाला. वाईट वास येण्याआधी चाळ काय सांगते आहे ते त्यातून कळते.

निर्यातीच्या द्राक्षांना काढणीनंतर हायड्रोजनच्या पाण्यात बुडवावे का?

नको. मण्यावरचा पांढरट मेणथर पुसला जातो आणि परदेशी खरेदीदार तोच आधी बघतो. ओल राहिली की ग्रे मोल्डची बुरशी फोफावते. शिवाय पेटीत बुरशी रोखण्यासाठी ठेवलेला ग्रेप गार्ड हा कागद ओलावा लागल्यावर सल्फर डायऑक्साइड सोडतो. ओल जास्त झाली तर वायू एकदम सुटून देठाजवळ मणी पांढरे पडतात.

द्राक्ष हे किवीसारखे काढल्यानंतर पिकणारे फळ नाही. त्याचा शत्रू बुरशी आणि पाणी उडणे, आणि देठ तपकिरी झाला की माल शिळा दिसतो. यावर उपाय एकच मोठा: काढणी आणि प्री-कूलिंग यांच्यातले तास कमी करणे, आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत थंडीची साखळी न तोडता माल पोचवणे. रॉटरडॅमला कंटेनर उघडल्यावर तक्रार येते, तिचे बीज पुष्कळदा दुपारी बांधावर उन्हात थांबलेल्या क्रेटमध्ये असते.

टोमॅटो, डाळिंब?

टोमॅटो काढल्यानंतर पिकतो, इथिलीनने चालतो. त्यामुळे हायड्रोजनचा उपयोग होण्याची शक्यता त्यात अधिक. पण पिंपळगावच्या बाजारात कॅरेट सकाळी भरून संध्याकाळी विकले जाते; तिथे दोन दिवस जास्त टिकण्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. दूरच्या बाजाराला माल भरणाऱ्या गटाने विचार करावा. डाळिंबात कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागाचे दुखणे तेल्या हे आहे आणि जिवाणूंच्या त्या रोगावर हायड्रोजन हे औषध नाही.

मग नाशिकमध्ये कुठे उपयोग होईल असे तुम्हाला वाटते?

गुलाबात. जानोरी, मोहाडी या भागात पॉलिहाऊसमधला गुलाब निघतो. काढल्याबरोबर दांडे पाण्यात ठेवायचेच असतात, पाणी थोडे लागते, बादली झाकता येते आणि फूल इथिलीनने कोमेजते. हायड्रोजनच्या सगळ्या मर्यादा इथे आपोआप सांभाळल्या जातात. गुलाब, लिली आणि कार्नेशनचे दांडे हायड्रोजनच्या पाण्यात ठेवल्यावर फुलदाणीतले आयुष्य वाढल्याचे प्रयोगही झालेले आहेत. व्हॅलेंटाइन डेच्या मालासाठी एक-दोन दिवसांनाही मोल असते.

दुसरे, सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी. ठिबकमधून नॅनोबबलचे पाणी आणि खोक्यात हायड्रोजन मिसळलेला वायू, अशा दोन्ही वाटांनी परदेशात स्ट्रॉबेरीवर काम झाले आहे. खोक्यात वायू भरण्याची पद्धत छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. ठिबकची पद्धत मात्र गटाने एखाद्या वाफ्यावर करून बघण्यासारखी आहे.

तिसरे, बियाणे भिजवणे. पाणी लिटरभर लागते, झाकणाच्या बाटलीत काम होते, फसले तरी नुकसान थोडे. कांद्याच्या रोपवाटिकेसाठी बी भिजवून उगवण मोजता येईल.

कोल्ड स्टोरेजमध्ये सिलिंडरमधून हायड्रोजन सोडू का?

अजिबात नाही. या पानावरचे दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी हे ठेवा.

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ते मिश्रण पेट घेते. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा असतो. पेटायला ठिणगीही नखाएवढी पुरते: बटणाची, पंख्याच्या मोटारीची, अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यातली. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. तो हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका असल्याने छताखाली जाऊन साठतो. दिवे आणि वायरिंग नेमके तिथेच असते.

वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच खोलीत साधारण १३६ घनमीटर हवा मावते. तिचे चार टक्के म्हणजे साडेपाच घनमीटर. हायड्रोजनच्या एका मोठ्या सिलिंडरमध्ये जवळपास सात घनमीटर वायू असतो. म्हणजे गळका एक सिलिंडर अख्खी खोली स्फोटक करू शकतो, आणि वायू वर साठत असल्याने छताजवळ ती पातळी त्याच्या कितीतरी आधी गाठली जाते.

हायड्रोजनचा सिलिंडर लाल रंगाचा असतो आणि त्याचे आटे उलटे असतात, दुसऱ्या वायूचा रेग्युलेटर चुकून बसू नये म्हणून. तो जबरदस्तीने बसवू नका. सिलिंडर भरणे, साठवणे आणि नेणे यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि परवान्याचे काम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे असते. वायूची धुरी हे प्रशिक्षित माणसांचे, वायूशोधक यंत्र बसवलेल्या जागेचे काम आहे. पाण्याचे छोटे यंत्रही बंद खोलीत लावू नका; वरच्या बाजूने हवा बाहेर जाईल अशा शेडमध्ये ठेवा.

बोअरचे पाणी थेट यंत्रात घातले तर?

दोन अडचणी येतात. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. ते यंत्रातल्या पट्ट्यांवर पांढरा थर होऊन बसतात आणि वायू तयार होणे घटते. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे: मचूळ पाण्यातून, दोन पट्ट्यांमध्ये पडदा नसलेल्या यंत्राने वीज नेली की क्लोरीन आणि हायपोक्लोराइटही तयार होतात. ते पाणी मुळाशी गेले तर उपकारक जिवाणू मरतात, आणि शेडमध्ये क्लोरीनचा वास आला तर तो श्वासात घेण्यासारखा नसतो. चांगल्या यंत्रात वायू बनवण्याचा भाग वेगळा असतो. त्यात शुद्ध केलेले पाणी जाते आणि तयार झालेला हायड्रोजन तुमच्या पाण्यात सोडला जातो.

वीज फार लागत नाही. एक किलो हायड्रोजन बनवायला पन्नास-पंचावन्न युनिट लागतात आणि हजार लिटर पाण्यात जातो जेमतेम दीड ग्रॅम. बराच वायू वाया गेला असे धरले तरी खर्च एखाद्या युनिटचा. पैसा जातो तो यंत्र, पडदा आणि दुरुस्तीवर; भाव करताना याच तीन गोष्टींबद्दल लेखी घ्या.

मॅग्नेशियमची पूड पाण्यात टाकून घरीच करता येईल का?

रसायनशास्त्राने येते. पण बारीक पूड सहज पेटते, आणि लागलेल्या आगीवर पाणी मारले तर आग वाढते. शिवाय कणांवर हायड्रॉक्साइडचा थर बसून वायू सुटणे मंदावते आणि पाण्याचा सामू चढतो. घरात लहान मुले असतात. नका करू.

विक्रेता टीडीएस मीटर लावून ‘हायड्रोजन वाढला’ असे दाखवतो. खरे मानावे का?

टीडीएस मीटर पाण्यातले क्षार मोजतो. हायड्रोजन हा वीजभार नसलेला विरघळलेला वायू आहे, तो या मीटरला दिसत नाही. ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता) मोजणारा मीटर उणे आकडा दाखवतो, पण सामू बदलला तरी तो आकडा हलतो, त्यामुळे मात्रा त्यावरून ठरत नाही.

निळ्या थेंबांची चाचणी मागा. मिथिलीन ब्लू आणि प्लॅटिनम असलेल्या या द्रावणाचा थेंब ६ मिलिलिटर पाण्यात टाकला की हायड्रोजन असेपर्यंत निळा रंग नाहीसा होतो. प्रत्येक विरलेला थेंब साधारण ०.१ पीपीएम. पंधरा थेंब विरले म्हणजे पाणी जवळपास भरलेले. चाचणी यंत्राच्या तोंडाशी करून समाधान मानू नका. ठिबकच्या शेवटच्या ड्रीपरचे किंवा बादलीतले पाणी घ्या, कारण पीक तिथले पाणी पिते.

याचा रेसिड्यू निघतो का? युरोपला चालेल का?

वायू उडून जातो, मागे अंश राहत नाही. अन्नाच्या पॅकिंगसाठीचा वायू म्हणून युरोपात हायड्रोजनला ई-९४९ हा क्रमांकही आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली, तेव्हा बागायतदारांनी काय सोसले ते आठवत असेल, तर हा गुण लहान नाही. पण बाटलीत भरलेले ‘हायड्रोजन टॉनिक’ वेगळे. बाटलीत इतर काय आहे ते बघा. अशी टॉनिके, म्हणजे जैव-उत्तेजके, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. त्या नियमाखालचा तपशील लेबलवर नसेल तर निर्यातीच्या बागेत ती बाटली आणू नका.

यंत्राला हरित हायड्रोजन योजनेतून अनुदान मिळेल म्हणतात...

२०२३ च्या जानेवारीत मंजूर झालेले राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान १९,७४४ कोटी रुपयांचे आहे आणि त्याचा रोख खतकारखाने, तेलशुद्धीकरण, पोलाद, वाहतूक यांच्यावर आहे. ते नाव सांगून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. कांदा चाळीच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो. तिकडे लक्ष द्या.

यंत्राशिवाय जमिनीला हायड्रोजन मिळू शकतो का?

मिळतो, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हवेतला नत्र बांधतो. त्या क्रियेत नत्राच्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजनचा किमान एक रेणू सुटतो. यात जिवाणूची निवड नसते, विकराची रचनाच तशी आहे. हेक्टरी ५० किलो नत्र बांधला गेला, तर हिशोबाने साडेतीन किलोच्या आसपास हायड्रोजन तयार होतो, म्हणजे सुमारे ४० हजार लिटर वायू. हजार लिटर हायड्रोजनच्या पाण्यातल्या दीड ग्रॅमशी तुलना केली तर दोन हजार पटींहून अधिक.

रायझोबियमच्या काही जाती हा वायू स्वतःच परत वापरतात. ज्या वापरत नाहीत, त्यांच्या गाठीभोवतालच्या मातीत तो मुरतो आणि अगदी जवळच्या जमिनीतले हायड्रोजन खाणारे जिवाणू त्यावर वाढतात. कॅनडातल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात दाखवले की अशी हायड्रोजन मिळालेली माती पुढच्या पिकाची वाढ सुधारते. कडधान्यानंतरचे पीक चांगले येते, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने जाणले होते. त्यातला सगळाच वाटा नत्राचा नाही. काही वाटा या वायूचा आणि त्यावर पोसलेल्या जिवाणूंचा आहे.

म्हणून खरिपात सोयाबीन आणि त्यावर उन्हाळ कांदा, हा निफाड-येवल्याकडचा क्रम जपावा. बियाण्याला बुरशीनाशक आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि रायझोबियम सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत. १० ते १५ किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट पुरते. युरियाचा हात आखडता ठेवा. फुकटचा नत्र मिळाला की झाड गाठी करायला आळस करते. पेरणीनंतर चाळीस दिवसांच्या सुमारास दोन-चार रोपे मुळांसकट अलगद उपटून गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, तर पुढच्या वर्षी बीजप्रक्रियेकडे नीट बघा.

आमच्या गटाने प्रयोग करायचा ठरवला आहे. कसा करावा?

एकाच दिवशी, एकाच बागेतून काढलेला माल घ्या आणि तीन भाग करा. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याला साध्या पाण्याचा तेवढाच वेळ, तेवढाच उपचार. तिसऱ्याला हायड्रोजनचे पाणी. दुसरा भाग गाळू नका. गुलाब साध्या स्वच्छ, थंड पाण्यानेही टिकतो आणि त्याचे श्रेय नकळत यंत्राला दिले जाते. नॅनोबबलचे यंत्र असेल तर हवेच्या नॅनोबबलचा चौथा भागही ठेवा.

प्रत्येक भागाच्या निदान चार बादल्या किंवा खोकी करा आणि खोलीत मिसळून मांडा, एका कोपऱ्यात एकच भाग नको. खोक्यांवर फक्त क्रमांक लिहा. मोजणाऱ्याला कोणते कशाचे ते माहीत नसावे. उपचाराच्या वेळी निळ्या थेंबांनी मोजलेला हायड्रोजन, पाण्याचा सामू आणि तापमान वहीत लिहा. मग रोज एकाच वेळी मोजणी: वजन, झुकलेल्या माना, गळलेल्या पाकळ्या, कुजलेली फळे. हाच प्रयोग वेगळ्या तोडणीवर पुन्हा करा. दोन्ही वेळा तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा सरस निघाला, आणि जास्त टिकलेल्या मालाला व्यापाऱ्याने खरोखर जास्त भाव दिला, तर यंत्राच्या किमतीचा हिशोब मांडायला बसा. तोवर यंत्र विकत न घेता भाड्याने किंवा प्रात्यक्षिकासाठी मागा.